घोड्यांबरोबर रानातला मुक्काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणीतरी आपल्या प्रवासाची हकीकत सांगावी, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलात, नायगाऱ्याबद्दल बोला." नायगारा मी पाहिला, पण त्याच्याविषयी या व्यासपीठावरून दोनदा बोलून झाले आहे. शिवाय मला त्या सबंध सहा महिन्यांत जे खरोखर आठवते, ते तीन रात्रींच्या एका मुक्कामाचे. तेव्हा आज मी घोड्यांविषयी बोलणार आहे. कोणी हसू नये.

माझी मुलगी मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ राहते. जावई मोटारींच्या कामात आहेत. नातीला घोड्याचे वेड. तिकडे शाळकरी मुलांसाठी फोर-एच नावाची जुनी चळवळ आहे; तिच्यात मुलांना गाई, कोंबड्या, शेती, शिवण असे काहीही शिकता येते, त्यात घोडेही आहेत. नात तेथे शिकली, आणि घरापासून जवळच राहणाऱ्या एका वयस्क बाईंच्या पागेत जाऊ लागली. या बाईंचे चार घोडे. २०१८ सालच्या सप्टेंबरात त्यांनी आमच्या घरच्यांना रानात मुक्कामाला चला म्हणून बोलावले. मुलगी म्हणाली, "आई, तुला तेथे कंटाळा येईल. रात्री थंडी असते, वीज नाही, पाणी हापशाचे." मी म्हटले, वीज नाही आणि पाणी हापशाचे, यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे, मी येते.

डेट्रॉइटच्या उत्तरेला ग्रेलिंग नावाचे गाव आहे. घोडे मोटारीच्या मागे जोडलेल्या ट्रेलरमधून न्यावयाचे असल्याने वाटेत थांबत थांबत आम्हांला चार तासांहून अधिक लागले. ग्रेलिंग हे एका माशाचे नाव. पूर्वी तेथल्या नद्यांत तो विपुल होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या व्यापाऱ्यांनी उत्तरेकडची पाइनची अरण्ये सरसकट तोडली आणि ओंडके नद्यांतून वाहवत नेले. त्यात नद्यांचे तळ खरवडून निघाले आणि तो मासा नाहीसा झाला. गावाचे नाव राहिले. आज दिसते ते रान बहुतेक नंतर पुन्हा वाढलेले आहे. १९३३ नंतर सरकारने बेकार तरुणांची पथके उभारली होती, त्यांनी पुष्कळ झाडे लावली. जुने पाइन पाहावयाचे तर जवळच्या हार्टविक पाइन्स या उद्यानात जावे लागते. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आपल्या पतीच्या स्मरणार्थ कॅरेन हार्टविक या बाईंनी ती हजारो एकर जमीन विकत घेऊन १९२७ साली राज्याला दिली. न तोडलेल्या झाडीचा ४९ एकरांचा तुकडा तेथे अजून उभा आहे. त्या झाडांखाली उभे राहिले की देवळाच्या सभामंडपात उभे राहिल्यासारखे वाटते.

या भागातून घोडेस्वारांसाठी एक वाट जाते. पश्चिमेच्या मिशिगन सरोवरापासून पूर्वेच्या ह्युरॉन सरोवरापर्यंत, सुमारे २२० मैल. मोटारींना तिच्यावर मज्जाव. दिवसभराच्या मजलेच्या अंतराने रानात मुक्कामाच्या जागा केलेल्या आहेत. काही लोक सबंध वाट पार करतात; आमच्यासारखे एकाच ठिकाणी तंबू ठोकून रोज थोडे फिरून परत येतात. जागा म्हणजे काय? झाडांत थोडे मोकळे अंगण, एक लाकडी मेज, विस्तवासाठी लोखंडी कडे, हातपंप आणि खड्ड्याचा संडास. बस्स.

खरी गंमत घोड्यांच्या व्यवस्थेत. बाईंनी उतरल्याबरोबर माणसांकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी घोडे उतरवले, त्यांना पाणी दाखवले, मग दोन खांबांमध्ये माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असा दोर ताणून बांधला आणि त्याला अंतराअंतराने घोडे बांधले. दोर उंच असला म्हणजे घोड्याचा पाय त्यात अडकत नाही. घोडा थेट झाडाला कधी बांधावयाचा नाही, कारण तो कंटाळला की खुराने मुळे उकरतो आणि साल कुरतडतो. खांब नसतील आणि दोर झाडालाच बांधावा लागला, तर सालीवर घाव पडू नये म्हणून आधी रुंद पट्टा गुंडाळतात. लीद रोज उचलून ठरवून दिलेल्या जागी टाकावयाची. घोड्यांचे गवत घरून आणलेले, कारण चारा एकाएकी बदलला की घोड्याचे पोट बिघडते. सरपण मात्र घरून आणावयाचे नाही. २००२ साली डेट्रॉइटजवळ ॲश नावाच्या झाडांना पोखरणारा एक हिरवा किडा आढळला. तो सरपणाच्या लाकडांतून गावोगाव पसरला आणि त्याने कोट्यवधी झाडे मारली, म्हणून सरपण तेथल्या तेथेच विकत घ्यावे लागते. घोड्याच्या रक्ताची तपासणी झाल्याचा दाखलाही बाईंनी गाडीच्या खणात जपून ठेवला होता. घोड्यांचा एक रक्ताचा रोग असा आहे की त्यावर ना लस ना औषध. तेव्हा तपासणी केल्याशिवाय कोणी आपला घोडा दुसऱ्याच्या घोड्याशेजारी बांधू देत नाही.

पहिल्या दिवशी मंडळी रपेटीला गेली आणि मी मागे राहून पिठले केले. ते चुलीवर फार छान झाले, पण तो आजचा विषय नव्हे.

संध्याकाळी मी घोड्यांच्या बाजूने हिंडत होते. प्रत्येकापुढे पाण्याची बादली होती. तीन बादल्या अर्ध्या झाल्या होत्या. चौथी, डेझी नावाच्या म्हाताऱ्या घोडीची, दुपारी भरली तशी काठोकाठ होती. मध्यम बांध्याच्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. त्या हातपंपाच्या पाण्याला लोखंडाचा वास होता. माझ्यासुद्धा जिभेला तो लागला होता. मी बादली पाहिली आणि काही बोलले नाही. परक्या देशात, परक्या बाईंच्या घोड्याविषयी मी काय सांगावे? आणि मला हे कसे ठाऊक, असे कोणी विचारले तर?

आता मला तुम्हांला एक गोष्ट सांगणे भाग आहे. या मंडळात मी तीस वर्षे आहे. माझे वडील मिरजेला स्टेशनवर होते, असे मी तुम्हांला सांगत आले आणि तुम्ही ते रेल्वेत होते असे समजलात. मी कधी खोडून काढले नाही. माझे वडील मिरज स्टेशनवर टांगा हाकीत. आमच्या घोड्याचे नाव राजा. दोन खोल्यांपैकी मागली त्याची. वडील पहाटेच्या गाडीला जात आणि रात्रीच्या गाडीनंतर येत. घोड्याचे बाकीचे सारे आई करी. लीद काढणे, गवत झटकून घालणे, हरभरा भिजवून चंदी देणे, खरारा करणे. राजा पाणी प्याला नाही तर ती त्यात मूठभर कोंडा कालवी, थोडा गूळ घाली, आणि तो पिऊ लागेपर्यंत बादली धरून उभी राही. मी तिच्या मागे मागे असे.

१९६६ सालच्या पावसाळ्यात, मी नऊ वर्षांची असताना, एका रात्री मला जाग आली. मागल्या खोलीत राजा पुढच्या पायाने जमीन उकरीत होता. थांबे, पुन्हा उकरी. आई माहेरी गेली होती. वडील तासाभरापूर्वीच भिजून आले होते आणि गाढ झोपले होते. त्यांना उठवावे असे मला वाटले. पण ते रागावतील म्हणून मी उठवले नाही, आणि पांघरूण डोक्यावर घेतले. सकाळी राजा आडवा पडला होता. दुपारपर्यंत तो गेला. घोड्यावरचे कर्ज अजून फिटायचे होते. वडील पुढे दुसऱ्याचा टांगा रोजावर हाकू लागले, आणि वर्षभराने मला पुण्यास मावशीकडे शिकावयास धाडले. मी रात्री ऐकले होते, हे मी आईलासुद्धा सांगितले नाही.

ग्रेलिंगच्या रानात पहिल्याच रात्री, एकच्या सुमारास, मला तोच आवाज ऐकू आला.

मी मुलीला हाक मारली नाही, थेट बाईंच्या तंबूपाशी जाऊन ओरडले. माझे इंग्रजी त्या वेळी पार पळाले होते. मी "घोडा, घोडा" असे मराठीतच ओरडले असावे. विजेरीच्या उजेडात पाहिले तर डेझी जमीन उकरीत होती, मान वळवून वळवून आपल्या कुशीकडे पाहत होती आणि बसावयास पाहत होती. गवताला तोंड लावलेले नव्हते. बादली भरलेलीच. बाईंनी तिची हिरडी बोटाने दाबून रंग परत यावयास किती वेळ लागतो ते पाहिले, मग पोटाला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुरगुर चालू असते. ती अगदी मंद झाली होती. हा पोटशूळ. घोड्याला ओकारी होत नाही, आत अडकले ते अडकलेच, आणि वेदनेने तो गडबडा लोळू लागला तर प्रसंग अधिकच बिकट. गवत काढून घेतले. तेथे फोन लागत नव्हता. जावई मोटार घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि तेथून घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर निघाल्या, पण त्यांना यावयास दीड-दोन तास लागणार होते.

ते दोन तास बाई आणि मी आळीपाळीने डेझीला फिरवीत होतो. ती खाली बसू पाहे, आम्ही तिला पुढे ओढू. काळोख असा की विजेरीपलीकडे झाडसुद्धा दिसेना. मुलीचा लोकरीचा कोट माझ्या अंगावर, पायांत जावयांचे बूट. बाई मधूनमधून तिच्याशी बोलत, मीही बोलत होते, ती इंग्रजीत आणि मी मराठीत. घोडीला काय कळले कोण जाणे. माझ्या मनात एकच चालले होते, की संध्याकाळी मी बादली पाहिली होती.

तीनच्या सुमारास डॉक्टर आल्या. तिशीच्या आतली मुलगी, एकटी, रानातल्या रस्त्याने गाडी हाकीत आलेली. वेदना थांबवण्यासाठी तिने सुई टोचली, आणि नाकातून लांब नळी पोटापर्यंत घालून पाणी व तेल सोडले. मग वाट पाहणे. सकाळी सातच्या सुमारास डेझीने लीद टाकली. भगिनींनो, लीद पाहून माणसे एकमेकांच्या गळ्यात पडलेली मी तेथे पाहिली, आणि त्यांत मीही होते.

डॉक्टर म्हणाली, प्रवासाचा शीण आणि पाणी न पिणे, एवढे कारण पुष्कळ झाले. तेव्हा मी बाईंना बादलीचे सांगितले. संध्याकाळीच पाहिली होती, तेही सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की घोडे त्यांचे, बादली त्यांनी पाहावयास हवी होती; पुढच्या वेळी मात्र मी लगेच सांगावे. मी आईचा कोंड्याचा आणि गुळाचा उपाय सांगितला. त्यांच्याकडे गूळ नव्हता, सफरचंदाचा रस होता. तो पाण्यात ओतला आणि डेझी प्याली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर गवतही थोडे थोडे, भिजवून घातले.

दुपारी नातीने विचारले, "आजी, तुला हे कसे समजले?" मुलगी शेजारीच भांडी घाशीत होती. मी सांगितले. राजाचे सांगितले, त्या रात्रीचे सांगितले. मुलीच्या हातातले भांडे तसेच राहिले. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "बाबांना ठाऊक होते?"

"टांग्याचे ठाऊक होते. रात्रीचे नव्हते."

"आणि आजीला?"

तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना टांग्याचे कळले असते तर लग्न झाले नसते, असे माझ्या मावशीचे मत होते. ते खरे की खोटे, हे पाहण्याची वेळ आम्ही कधी येऊ दिली नाही.

आणखी दोन रात्री आम्ही तेथे राहिलो. रपेट बंद, डेझीला हळूहळू चालवणे आणि दर दोन तासांनी बादली पाहणे, हेच काम. बादलीचे काम नातीने माझ्याकडे सोपवले होते आणि वहीत वेळ लिहून घेत होती. निघताना आम्ही दोघींनी फावड्याने सारी लीद गोळा केली, उकरलेली जमीन सारखी केली, राख विझवली. मग मी खरारा मागून घेतला आणि डेझीला खरारा केला. बावन्न वर्षांनी हात घातला होता. मानेपासून सुरुवात करावयाची, पोटाशी हात हलका ठेवावयाचा, आणि मागच्या पायाशी जाताना एक हात नेहमी अंगावर ठेवावयाचा, म्हणजे आपण कोठे आहोत ते जनावराला कळते. हे सारे हातांना आठवत होते.

डेझी पुढे तीन वर्षे जगली. ती गेल्याचे नातीने मला फोनवर कळवले.