रायणीच्या मुळावर
(ज्युबिलीच्या दिवशीं दुपारच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली समितीनें मला विषय दिला तो असा : आपले पूर्वज या रानांत कसे वसले. विषय ऐकून मी थोडा घोटाळ्यांत पडलों. आपले म्हणजे कोणाचे? या मंडपांत वसईच्या वाड्यांतून आलेलीं घरें आहेत, पोटापाण्यासाठीं गोव्याहून व मंगळुराहून आलेलीं आहेत, आणि मागच्या रांगांत वारली कुटुंबें आहेत. (तीं नेहमीं मागेंच कां बसतात हें मला अजून उमगलेलें नाहीं.) तुमचे पूर्वज कोठून आले असें त्यांना विचारलें तर तीं हंसतील. मुंबईहून आगगाडीनें सव्वाशें किलोमीटर उत्तरेस येऊन डहाणूला उतरलेल्या माणसाला हें रान वाटलें. येथें जन्मलेल्याला तें घर होतें.

म्हणून आज मी आपली गोष्ट न सांगतां शेजाऱ्यांची सांगतों. शेजाऱ्याची गोष्ट सांगतांना माणूस थोडें अधिक खरें बोलतो. हे शेजारी म्हणजे घोलवड, बोर्डी, डहाणू येथील इराणी कुटुंबें. त्यांना आपण सरसकट पारशी म्हणतों, पण त्यांच्यांत भेद आहे. दोघांचाही धर्म जरथुष्ट्राचा. पारशी फार पूर्वीं आले. येथून जवळच्या संजाण बंदरांत ते उतरले. आपल्या तालुक्यांतील बाहरोटच्या डोंगरांतील लेणीं तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. संजाण पडल्यावर पारशांनीं आपला पवित्र अग्नि त्या लेण्यांत बारा वर्षें लपवून ठेवला, अशी त्यांची परंपरा आहे. पुढें तो वांसद्याला, तेथून नवसारीला गेला आणि १७४२ सालीं उदवाड्यास स्थिरावला. बारा वर्षें डोंगरावर अग्नि जागता ठेवायचा म्हणजे लाकूडफाटा, धान्य, पाणी किती लागलें असेल! तें वर कोणीं वाहून नेलें असेल याचा मी पुष्कळदां विचार करतों. डोंगराखालीं कोणाचे पाडे आहेत हें आपणांस ठाऊकच आहे.

इराणी मात्र अलीकडे, एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या आरंभीं आले. ते यझ्द व केरमान या भागांतले. तेथें त्यांच्यावर जिझिया कर होता. गांवांत घोड्यावर बसण्याची बंदी होती, घर शेजाऱ्याच्या घराहून उंच बांधण्याची बंदी होती, रंगीत वस्त्रांचीही बंदी होती. मुंबईच्या पारशांनीं १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातरिया यांना त्यांच्या साह्यास धाडलें, आणि त्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनें १८८२ सालीं जिझिया उठला. पण तोंवर पुष्कळांनीं गांव सोडला होता, आणि नंतरही लोक येतच राहिले.

असें एक कुटुंब क्षणभर डोळ्यांपुढें आणा. नवरा, बायको, तीन मुलें, एक म्हातारी. यझ्द हा वाळवंटी मुलूख; वर्षाकाठीं पाऊस दोन-अडीच इंच. तेथलें पाणी दूरच्या डोंगरापायथ्याहून जमिनीखालच्या बोगद्यांतून गांवांत आणतात, आणि तें वांट्यानें मोजून घेतात. अशा गांवचें हें कुटुंब ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येऊन उतरतें, आणि जून महिना लागतो. येथें चार महिन्यांत सत्तर इंचांहून अधिक पाऊस! ज्या बाईनें आयुष्यभर पाण्याचा थेंब जपला, तिच्या घरांत आतां भिंतींतून पाणी झिरपतें, पिठाला बुरशी येते, सरपण पेटत नाहीं, आणि भाद्रपद लागतांच मुलांना हिंवताप भरतो. घरांत ती यझ्दच्या आपल्या दरी बोलींत बोलते. पारशी शेठाशीं बोलायला गुजराती लागते. आणि अंगणांत मोळी घेऊन आलेली बाई वारली बोलते. तीन भाषांमध्यें ती मुकी झालेली असते. हिंवतापावर काढा कोणता, कोणती भाजी रानांतून आणावी आणि कोणतीला हात लावूं नये, साप कोणत्या बाजूनें येतो, हें तिला सांगणारी ती मोळीवालीच असणार. दुसरें होतें कोण?

पुरुषांनीं मिळेल तें काम केलें. कोणी ताडीचीं दुकानें चालविलीं, कोणी गवताचा व्यापार केला, मग हळूहळू जमिनी घेतल्या. आणि त्या जमिनींत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चिकू लावला. हें झाडही येथलें नव्हे. त्याचें माहेर मेक्सिको व त्याच्या दक्षिणेचा मुलूख. परदेशीं माणसानें परदेशीं झाड आणलें आणि आज लोक या भागाला चिकूच्या नांवानें ओळखतात! २०१६ सालीं "डहाणू घोलवड चिकू" या नांवाला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां या झाडाविषयीं थोडें सविस्तर सांगतों, कारण मी तें स्वतःच्या फजितीनें शिकलों. पन्नाशी उलटल्यावर माझी या बाजूला बदली झाली. सेमिनरींत आम्हांला लॅटिन शिकविलें, तर्कशास्त्र शिकविलें, बागकाम शिकविलें नाहीं. मीं चांगला गोड चिकू खाल्ला आणि त्याच्या बिया बंगल्यामागें पेरल्या. रोपें आलीं, वाढलीं, मला अभिमान वाटला. बागेंत काम करणारे एक वारली बाबा एके दिवशीं कुंपणाशीं उभे राहून तीं पाहूं लागले.

"फादर, बियाचा चिकू वाढल, पण फळ कवा धरल त्याचा नेम नाय. रायणीवर बांधा."

रायण म्हणजे आपल्या रानांतलें तेंच झाड, ज्याचीं पिवळीं फळें उन्हाळ्यांत पाड्यावरचीं मुलें खात हिंडतात. चिकू आणि रायण एकाच कुळांतले. रायण वाढते फार सावकाश, पण तिचें मूळ चिवट. पाण्याच्या ताणाला भीत नाहीं. म्हणून बागाईतदार रायणीचें रोप मोठें करतात आणि कुंडीसकट उचलून चिकूच्या जुन्या झाडापाशीं नेतात. दोघांची साल थोडी तासून फांदीला फांदी बांधतात. याला भेट कलम म्हणतात. कांहीं महिन्यांत दोन्ही एकजीव झालीं कीं चिकूची फांदी जुन्या झाडापासून सोडवितात. असें कलम तेहेतीस फुटांवर एक, म्हणजे एकरीं चाळीस लावायचें, पांच-सहा वर्षें धीर धरायचा, मग तें दोन पिढ्यांना फळ देतें. बोर्डी-घोलवडच्या बागा पुष्कळशा अशा रायणीच्या मुळावर उभ्या आहेत.

पण बाबांनीं कलम बांधून दाखविलें तेव्हां एक गोष्ट पाहून मी चपापलों. सांधा जुळल्यावर त्यांनीं रायणीचा शेंडा छाटून टाकला. "आनि खालून फुटवा आला तर तो बी काढायचा," असें ते म्हणाले. मूळ रायणीचें, डोकें चिकूचें.

झाडाला हें चालतें, माणसाला चालत नाहीं. ज्या वर्षांत या बागा वाढत होत्या, त्याच वर्षांत वारल्यांच्या जमिनी सावकारांकडे व जमीनदारांकडे जात होत्या. या जमीनदारांत सर्व जातींचे व धर्मांचे लोक होते. एकट्या इराण्यांकडे बोट दाखविणें अन्यायाचें होईल, आणि त्यांना सोडून देणेंही खरें होणार नाहीं. वेठ होती. लग्नासाठीं कर्ज काढावें आणि तें फेडण्यासाठीं नवराबायकोनीं सावकाराच्या घरीं राबत रहावें, अशी रीत होती. अशा माणसाला "लग्नगडी" म्हणत. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें हजारों वारली जमले आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं वेठ न करण्याचा निश्चय केला. झरी तेव्हां उंबरगांव तालुक्यांत होती. १९६० सालीं तो तालुका गुजराथेंत गेला, तलासरीकडचीं गांवें आपल्याकडे राहिलीं. त्याच वर्षीं, १० ऑक्टोबर १९४५ रोजीं, तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पांच जण मेले. कुळकायदा १९४८ सालीं झाला, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन हें तत्त्व कायद्यांत आलें. कायद्यांत आलें तें सारें शेतांत आलें असें मी म्हणणार नाहीं; तलाठ्याच्या कचेरीपुढें ताटकळणारे आपलेच लोक येथें बसले आहेत.

पुढची हकीगत थोडक्यांत. १९९१ सालीं सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं देखरेखीसाठीं प्राधिकरण नेमलें गेलें. या बागांसाठीं व रानासाठीं भांडणाऱ्यांत इराणी घरांतल्या स्त्रिया पुढें होत्या. पावसाला घाबरलेल्या त्या म्हातारीच्या नातीपणतींना हें रान आतां परकें राहिलें नव्हतें.

आपण वसईचे, गोव्याचे, मंगळुराचे लोक याच गाडीनें आलों. कोणी शिक्षक म्हणून, कोणी परिचारिका म्हणून, कोणी वाडी करण्यासाठीं. आणि आम्ही धर्मगुरू शिकवायला म्हणून आलों. आपलें काम चांगलें आहे, मी तें कमी लेखीत नाहीं. पण समितीच्या कागदावर "रान वसविलें" असे शब्द होते, ते मीं खोडले. उत्पत्तीच्या पुस्तकांतील आब्राहामाची एक गोष्ट आपण मिस्सेंत ऐकतों, पण तिच्यावर प्रवचन क्वचितच होतें. सारा मेली तेव्हां तिला पुरायला त्याच्यापाशीं हातभर जमीन नव्हती. सारा देश त्याला देण्याचें वचन देवानें दिलेलें होतें! तरी तो तेथल्या लोकांपुढें लवून उभा राहिला, मी तुमच्यांत उपरा आहें म्हणाला, आणि एफ्रोन हित्ती ती जागा फुकट देऊं करीत असतां त्यानें चारशें शेकेल रुपें सर्वांसमक्ष तोलून दिलें.

ज्युबिलीची आठवण म्हणून उद्यां मिस्सेनंतर प्रत्येक घरास एक चिकूचें कलम मिळेल. खालची रायण पाड्यावरच्या घरांनीं वाढविलेली आहे आणि कलमेंही तेथल्याच तरुणांनीं बांधलीं आहेत. समितीचें म्हणणें होतें कीं, आपलींच माणसें आहेत, तीं रोपें देणगी म्हणून देतील. मीं तें मान्य केलें नाहीं. बाजारांत जी किंमत पडते ती पुरी द्यायची, आणि बांधणाऱ्याच्या हातांत द्यायची. तेव्हां सुटे पैसे घेऊन यावें. खड्डा आजच खणून ठेवावा, आणि रोप लावतांना सांधा मातीखालीं जाणार नाहीं हें पहावें. कसें लावावें तें दाखवायला बाबा स्वतः येणार आहेत. त्यांच्यासाठीं पहिल्या रांगेंत खुर्ची ठेवायला मीं सांगितलें आहे.