तुझा पार वेगळा



गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात होते, तेव्हा डिस्क गोल्फ खेळले. काठी-चेंडूऐवजी हातात तबकडी, आणि जमिनीतल्या खळगीऐवजी खांबावर साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत टाकायची. या खेळाचं पहिलं कायमचं मैदान कॅलिफोर्नियातच, ओक ग्रोव्हला, १९७५ साली एड हेड्रिक यांनी आखलं.

प्रत्येक टोपलीसाठी फेकींचा एक आकडा ठरलेला असतो. त्याला म्हणतात ‘पार’. वडाचा पार नव्हे बरं का! आमच्या मैदानात प्रत्येक फलकावर ३ लिहिलेलं. मला कुठे ५ लागल्या, कुठे ६. वाटलं, आपलं वय झालं, हा खेळ काही आपला नाही.

लेक म्हणाली, “आई, तो ३ तुझ्यासाठी नाहीच.” मग तिनं हिशेब मांडला. ही टोपली ११० मीटरवर. कसलेला खेळाडू एका फेकीत तिच्याजवळ पोहोचतो. जवळून आत टाकायला दोन फेकी धरायच्या. झाले ३. माझी चांगली फेक जाते ५० मीटर. मला जवळ यायलाच दोन हव्यात, वर त्याच दोन. माझा पार ४.

खेळाच्या संघटनेच्या व्याख्येतही पार म्हणजे तरबेज खेळाडूनं चूक न करता घेतलेल्या फेकी. म्हणून नवख्यांसाठी जवळून फेकायची जागा तरी हवी, नाहीतर वेगळा पार तरी.

मात्र पार ठरवताना नुसतं अंतर मोजून भागत नाही. वाटेत झाडं, चढ, पाणी आहे का, तेही बघावं लागतं. आणि त्या पातळीच्या खेळाडूंच्या फेकींची सरसकट सरासरीही काढायची नाही. सरासरीत चुका मिसळलेल्या असतात, त्यामुळे आकडा उगाच फुगतो. खोटं कौतुक कुणाच्या कामाचं?

पार बदलला म्हणून स्पर्धेतला विजेता बदलत नाही. शेवटी एकूण फेकीच मोजतात. बदलतं ते स्वतःकडे बघणं. दुसऱ्या दिवशी त्याच टोपलीला मला पुन्हा ५ लागल्या. फेकी तेवढ्याच, पण या वेळी वाया गेलेली एक फेक नेमकी कोणती, ते मला कळलं. तिसऱ्या दिवशी तीच सुधारायला गेले.