तेलाच्या गावचा पगार

पगार आणि शिल्लक हे दोन शब्द आपण रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या फार जवळ आणून ठेवतो. अमक्याला पगार किती, हे कळले की त्याचे बरे चालले आहे की वाईट, याचा निकाल आपण तेथल्या तेथे लावून मोकळे होतो. परंतु पगार ही हाती येणारी रक्कम आहे आणि शिल्लक ही हाती राहणारी रक्कम आहे. या दोहोंमधले अंतर कधी कधी किती मोठे असू शकते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यातील तेलक्षेत्रात ट्रक चालविणाऱ्या माणसांचा जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे. आज तेच करण्याचा माझा विचार आहे.

उत्तर डाकोटा हे कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेले गव्हाचे आणि गवताचे राज्य. तेथे तेल सापडले ते १९५१ साली, टायोगा या गावाजवळ. पण 'बाकेन' नावाच्या तेथील खडकाच्या थरात दडलेले तेल साध्या विहिरीने वर येत नसे. पुढे उभे खोदत जाऊन खाली विहीर आडवी वळविण्याची आणि पाणी, वाळू व रसायने यांच्या प्रचंड दाबाने खडकाला भेगा पाडण्याची पद्धत रुळली, आणि विशेषतः २००८ नंतर या प्रदेशाचे रूप पालटून गेले. विलिस्टन हे तेथील मुख्य गाव. २०१० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या होती १४,७१६. २०२० च्या शिरगणतीत ती २९,१६० झाली. दहा वर्षांत गाव जवळजवळ दुप्पट झाले.

आता, तेल म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे विहिरीवरचे लोखंडी मनोरे येतात. ट्रकचालक येत नाही. वस्तुतः हा सारा व्यवहार चाकांवर उभा आहे. खडक फोडण्यासाठी पाणी न्यायचे ते ट्रकने, वाळू न्यायची ती ट्रकने, नळ आणि यंत्रे न्यायची तीही ट्रकनेच. विहीर वाहू लागली की तेलाबरोबर खारे पाणी वर येते, ते दूर नेऊन टाकायचे. आणि जेथे नळवाहिनी पोहोचलेली नाही तेथून तेलही टँकरनेच हलवायचे. एक विहीर उभी राहीपर्यंत ट्रकच्या हजाराहून अधिक खेपा होतात. साहजिकच तेजीच्या दिवसांत चालकांची मागणी एकाएकी वाढली, पगार वाढले, आणि ज्याच्याजवळ अवजड वाहनाचा परवाना आहे असा दूरदूरच्या राज्यांतला माणूस घरी बायकामुले ठेवून उत्तरेची वाट धरू लागला.

तेथे पोहोचल्यावर त्याला पहिला प्रश्न पडे तो पाठ टेकण्याचा. नोकरी एका दिवसात मिळे. खोली महिन्यात मिळत नसे. २०१४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विलिस्टनमधील घरभाडे सबंध अमेरिकेत सर्वांत चढे ठरले होते. एका शयनगृहाच्या, सुमारे सातशे चौरस फुटांच्या घराला महिन्याला २,३९४ डॉलर! न्यूयॉर्कसारख्या महानगरालाही या लहानशा गावाने मागे टाकले. माणसे मोटारीत झोपत, दुकानांच्या वाहनतळावर रात्र काढीत. गावातील एका चर्चने आपली दारे अशा लोकांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी उघडली, तेव्हा शेजाऱ्यांत आणि नगरपालिकेत त्यावरून वाद झाले. त्या साऱ्या प्रकरणावर 'द ओव्हरनाइटर्स' नावाचा अनुबोधपट २०१४ साली निघाला. आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरणारा हा मुलूख आहे, हे विसरून चालणार नाही.

आपण आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. पुढील आकड्यांपैकी घरभाड्याचा आकडा खरा आहे. बाकीचे मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. समजा, एका चालकाला तेलक्षेत्रात तासाला २५ डॉलर मिळतात, तो आठवड्याला ७० तास राबतो आणि वर्षातून ४६ आठवडे काम करतो. म्हणजे वर्षाचे ३,२२० तास झाले आणि मिळकत झाली ८०,५०० डॉलर. हाच माणूस आपल्या गावी राहिला असता तर, समजा, तासाला २० डॉलर दराने, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे काम करून ४०,००० डॉलर मिळविता. एकीकडे ऐंशी हजार, दुसरीकडे चाळीस हजार. हा विचार करण्याचा प्रश्नच नव्हे, असे कोणीही म्हणेल.

पण खर्चाची बाजू उघडून पाहा. ऐंशी हजारांवर निरनिराळ्या करांपोटी पाचवा हिस्सा गेला असे धरले तर ६४,४०० उरतात. विलिस्टनमधील त्या घराचे वर्षाचे भाडे २८,७२८ डॉलर. ते वजा जाता ३५,६७२. तेजीच्या गावात बाहेरचे खाणे महिन्याला एक हजार धरा, उरले २३,६७२. वर्षातून काही वेळा घरी जाणे-येणे आणि थंडीचे जाड कपडे यांना मिळून चार हजार. शेवटी घरी पाठविण्याजोगे राहिले १९,६७२ डॉलर. उलट गावच्या चाळीस हजारांतून कराचा आठवा हिस्सा, म्हणजे पाच हजार, आणि स्वतःच्या जेवणाचे ३,६०० वजा केले तर घराला ३१,४०० उरतात. घरभाडे आणि मुलाबाळांचा खर्च दोन्हीकडे सारखाच भागवायचा आहे. म्हणजे दुप्पट पगार घेणारा माणूस घरी राहिलेल्या माणसापेक्षा बारा हजारांनी मागे राहिला!

दोघा चालकांनी एक घर वाटून घेतले तर काय होईल? भाडे निम्म्याने उतरेल आणि शिल्लक ३४,०३६ पर्यंत जाईल. घरच्यापेक्षा अडीच हजारांहून थोडी अधिक. पण ती ३,२२० तासांची आहे; घरची शिल्लक दोन हजार तासांची आहे. भागाकार केला तर तेलक्षेत्रात दर तासाला साडेदहा डॉलर पदरात पडले आणि गावी पंधरा डॉलर सत्तर सेंट पडले. आणि समजा मालकानेच राहण्या-जेवणाची सोय केली? तर मात्र चित्र पार बदलते. शिल्लक ६०,४०० होते, तासाला पावणेएकोणीस डॉलरच्या घरात जाते. तेजीच्या काळात कित्येक कंपन्यांनी कामगारांसाठी तात्पुरत्या खोल्यांच्या मोठमोठ्या वसाहती उभारल्या होत्या, त्यांचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. तेव्हा नोकरी स्वीकारताना विचारण्याचा पहिला प्रश्न 'तासाला किती?' हा नसून 'खाट कोणाची आणि ताट कोणाचे?' हा आहे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांसह राहत असे. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे महिन्याच्या ठरावाने. या गैरसोयीला आपण दारिद्र्य म्हणतो आणि ते दारिद्र्य होतेच; पण तिच्यामागे एक चोख हिशेबही होता. गावी जाणारी मनीऑर्डर त्या दाटीवाटीतूनच निघत होती. खोलीला स्वतंत्र भाडे भरावे लागते तर मनीऑर्डरच निघाली नसती. डाकोटाच्या चालकापुढे आलेला पेच आपल्या चाकरमान्याने फार पूर्वी आपल्या परीने सोडविला होता.

पगाराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी चटकन दिसत नाहीत. पहिली जादा कामाच्या मोबदल्याची. अमेरिकेच्या १९३८ च्या मध्यवर्ती कायद्याने आठवड्याला चाळीस तासांवरील कामाला दीडपट दर ठरवून दिला आहे. परंतु राज्याराज्यांमधील मालवाहतुकीत जड वाहने चालविणारे चालक सामान्यतः त्या तरतुदीबाहेर राहतात. आपल्या चालकाचे सत्तर तास साध्या दराने मोजले तर आठवड्याचे १,७५० डॉलर होतात. चाळिसांवरील तीस तासांना दीडपट दर असता तर २,१२५ झाले असते. आठवड्याला ३७५ म्हणजे ४६ आठवड्यांत १७,२५० डॉलरचा फरक. तेव्हा मालक आपखुशीने जादा दर देतो की नाही, हे आधी विचारून घेतलेले बरे. दुसरी गोष्ट अशी की पुष्कळांना नोकर म्हणून न घेता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घेतात. त्यात तासाचा आकडा मोठा दिसतो. पण सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय विम्याच्या करात नोकराला ७.६५ टक्के भरावे लागतात, तर कंत्राटदाराला मालकाचाही वाटा उचलून १५.३ टक्के भरावे लागतात. ट्रक स्वतःचा असला तर त्याचे हप्ते, डिझेल, टायर आणि दुरुस्ती यांचा बोजा वेगळाच.

आता ज्याची किंमत डॉलरमध्ये मांडता येत नाही त्याकडे वळू. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे मालवाहू चालकाने सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या मुदतीत अकरा तासांपर्यंत गाडी हाकावी आणि आठ दिवसांत सत्तर तास भरल्यावर पुढे गाडी हाकू नये, असे बंधन आहे. पण तेलक्षेत्राला त्यात सवलती आहेत. इतरत्र हे सत्तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजायला चौतीस तासांची सलग विश्रांती लागते. येथे चोवीस तास पुरतात. खास बांधणीची वाहने चालविणाऱ्या आणि त्याचे शिक्षण घेतलेल्या चालकांचा विहिरीवर थांबण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जात नाही. कायदा त्या वेळेला काम म्हणत नाही. पण तो माणूस तेवढा वेळ घरी नसतो आणि अंथरुणावरही नसतो.

याचा परिणाम काय होतो? २००३ ते २०१३ या अकरा वर्षांत अमेरिकेच्या तेल व वायू उत्खननात १,१८९ कामगार मृत्यू पावले. त्यांत सर्वांत मोठा वाटा स्फोटांचा किंवा मनोऱ्यावरून पडण्याचा नव्हता. तो वाहतुकीतील अपघातांचा होता. दर पाच मृत्यूंपैकी दोन मृत्यू त्यामुळे झाले. शिवाय २०१० ते २०१४ या काळात साठवणटाकीचे झाकण उघडून तेल मोजताना किंवा नमुना घेताना वायूच्या वाफांनी गुदमरून नऊ कामगार दगावल्याचे तेथील सरकारी संशोधकांनी नोंदविले. सत्तर तासांचा पगार मोजताना हे तास कोणत्या अवस्थेतले आहेत, हेही मोजायला नको काय?

आणि तेजी कायम राहत नाही. २०१४ च्या मध्यास तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता. २०१६ च्या आरंभी तो तिसाच्या खाली आला. उत्तर डाकोटात २०१२ साली दोनशेहून अधिक खोदाईयंत्रे चालू होती. २०१६ च्या मध्यास ती तिसांच्या आत आली. पुढे २० एप्रिल २०२० रोजी, साथीच्या काळात, अमेरिकेतील वायदेबाजारात भाव शून्याच्याही खाली घसरला. खोदाई थांबली की खडक फोडण्यासाठी पाणी आणि वाळू वाहण्याचे कामही आटते. त्यातून पाण्याच्या आणि तेलाच्या नळवाहिन्या जसजशा पसरत जातात तसतशी खेपांची गरज कमी होते. ज्याने चढ्या पगाराच्या भरवशावर नवा ट्रक हप्त्यांनी घेतला, त्याचा पगार उतरतो. हप्ता उतरत नाही. मंदीत विलिस्टनचे घरभाडेही उतरले. पण ते उतरले तेव्हा त्या घरात राहण्याजोगी नोकरी अनेकांजवळ उरली नव्हती.

याचा अर्थ असा नव्हे की जे तेथे गेले ते फसले. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ज्यांच्या गावी कामच नव्हते, त्यांच्यापुढे चाळीस हजारांचा पर्यायच नव्हता. शून्याशी तुलना केली तर एकोणीस हजारही मोलाचे ठरतात. कर्ज फेडायचे आहे, दोन वर्षे जाऊन परत यायचे आहे, मालक खोली देतो आहे, अशा माणसाने जावे. अनेकांनी तसे करून घरे सावरलीही. न जाण्याचा सल्ला देणे सोपे असते. तो देणाऱ्याच्या घरी बहुधा चूल पेटलेली असते.

आपल्याकडे १९६१ साली मोटर परिवहन कामगारांसाठी कायदा झाला आणि त्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची सर्वसाधारण मर्यादा घालून दिली. कायदा करणाऱ्यांनी चालकाच्या झोपेची किंमत ओळखली होती. आपल्या महामार्गांवरून रात्री-अपरात्री टँकर हाकणाऱ्या माणसाला ती झोप प्रत्यक्षात किती मिळते, हे ढाब्यावरच्या बाजेवर पहाटे जाऊन पाहावे.

तेव्हा श्रोतेहो, एखाद्या दूरच्या कामाचा मोठा पगार आपल्या घरातल्या कोणाला खुणावू लागला, तर त्याला अडवू नका आणि लगेच पेढेही वाटू नका. एक कागद घ्या. त्यावर राहण्याचा खर्च, खाण्याचा खर्च, कर, प्रवास, हप्ते आणि कामाचे खरे तास लिहा. काम अचानक थांबले तर किती महिने निभेल, तेही लिहा. शेवटी जी रक्कम उरेल तिला त्या तासांनी भागा. येणारा आकडा हाच त्या माणसाचा खरा पगार होय. तो पाहूनही जायचे ठरले तर त्याने जरूर जावे. निदान आपण काय देऊन काय घेत आहोत, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असेल.