टेलिफोटो झूम भिंग : स्थिरीकरणासह की स्थिरीकरणाविना?

(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवातील कार्यक्रमांची छायाचित्रे मंडळाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने घ्यावयाची असे ठरले आहे, आणि त्यासाठी दूरचे दृश्य जवळ आणणारे एक टेलिफोटो झूम भिंग घेण्यास वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढण्यात आली आहे. हे भिंग 'इमेज स्टॅबिलायझेशन' असलेले, म्हणजे प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचे घ्यावे, की त्याविना घ्यावे, यावर गेल्या दोन बैठकांत पुष्कळ खल झाला आणि अखेर विषय मजकडे सोपविण्यात आला. मी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. केंद्र शासनाच्या नोकरीत जेथे जेथे बदली झाली तेथे तेथे कॅमेरा बरोबर नेला, एवढाच माझा या विषयातील अधिकार.

मध्यंतरी मंडळाच्या कपाटातील जुने आल्बम आपण सर्वांनी मिळून चाळले. आरंभीच्या वर्षांतील नाट्यप्रयोगांची काही छायाचित्रे आपणांस आठवत असतील. त्यांत मागचा पडदा स्पष्ट आहे, रंगमंचाच्या कडेची समई स्पष्ट आहे, आणि मधोमध उभी असलेली व्यक्ती मात्र धुरकट आहे. 'हे कोण?' असे विचारले, तर सांगू शकणारे दोघेतिघेच आता आपल्यात उरले आहेत, आणि त्यांचेही एकमत होत नाही. या गुवाहाटी शहरात, घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर, ज्यांनी हौसेने मराठी नाटक उभे केले त्यांचा चेहरा आपणांस ओळखता येऊ नये, ही गोष्ट मला तरी लागली. भिंगाच्या निवडीत पणाला लागलेली गोष्ट तीच आहे. आणखी पन्नास वर्षांनी आल्बम उघडणाऱ्यास चेहरा दिसावयास हवा.

आता त्याच छायाचित्रांकडे पुन्हा पाहा. पडदा स्पष्ट आणि माणूस धुरकट, याचा अर्थ छायाचित्रकाराचा हात स्थिर होता; हलले ते पात्र. याच्या उलट, आल्बममध्ये गणपतीच्या आरतीचे एक छायाचित्र आहे. त्यात मूर्ती, मखर, माणसे, भिंतीवरील घड्याळ, सारेच एका दिशेने पुसल्यासारखे झाले आहे. तेथे हलला तो हात. हे दोन दोष दिसावयास सारखे वाटले तरी त्यांचे मूळ वेगळे आहे, आणि स्थिरीकरणाची यंत्रणा यांपैकी एकावरच उपाय करते.

ती करते काय, हे थोडक्यात सांगतो. भिंगाच्या आत कोनीय गती मोजणारे दोन सूक्ष्म संवेदक असतात. एक वरखाली होणारी हालचाल टिपतो, दुसरा डावीउजवीकडची. त्यांची माहिती घेऊन एक लहानसा संगणक भिंगातील काचांचा एक गट विद्युत्चुंबकांच्या साहाय्याने उलट दिशेला सरकवितो, त्यामुळे हात हलला तरी प्रतिमा जागच्या जागी राहते. कॅनन कंपनीने १९९५ साली आणलेले ७५-३०० मिलिमीटरचे भिंग हे काचा बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी अशी यंत्रणा असलेले पहिले भिंग. निकॉनचे ८०-४०० चे भिंग २००० साली आले. त्याआधीच्या छायाचित्रकारांना एकच अंगठेनियम माहीत होता : भिंग जितक्या मिलिमीटरचे, तितक्याव्या भागाच्या सेकंदाहून शटर अधिक वेळ उघडे ठेवू नये. २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद. आपल्या मंडळाच्या कॅमेऱ्याचा संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यामुळे आपण या आकड्यास १.६ ने गुणावयाचे, म्हणजे २०० ला १/३२०.

जेवढे भिंग लांब, तेवढा हाताचा किंचितसा कंपही प्रतिमेत मोठा होऊन उमटतो, म्हणून हा नियम. चांगली स्थिरीकरण यंत्रणा येथे तीन ते चार 'स्टॉप' वाचवून देते. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट होतो, म्हणजे चार स्टॉपने सोळापट. ज्या ठिकाणी १/३२० हवे तेथे १/२० वर निभावते. हा कमी लाभ नव्हे. काझीरंग्यास पहाटे हत्तीवर बसून गेलेल्यांनी हा लाभ मनात तोलून पाहावा. सूर्य नुकताच वर येत आहे, हत्ती-गवतावर धुके आहे, आपले आसन डोलते आहे, आणि वीस पावलांवर गेंडा निवांत चरतो आहे. गेंडा हलत नाही, आपण हलतो. जोरहाटजवळच्या होल्लोंगापारच्या दाट अरण्यात उंच फांदीवर बसून फळ खाणारा हुलॉक गिबन, दीपोर बिलाच्या काठी एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखा तासन्‌तास एका जागी उभा राहणारा हाडगिला, यांच्यासाठी स्थिरीकरणासारखे वरदान नाही. येथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड अपुरा असण्याची आपणांस सवयच आहे. परंतु तोच गिबन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावला, किंवा हाडगिल्याने पंख पसरले, की यंत्रणा असून नसल्यासारखी. तेथे १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरच हवे.

आता आपल्या रंगमंचाकडे येऊ. मुलांचे लेझीम, महिलांची मंगळागौर, नाटक आणि यंदा आपल्या असमिया स्नेह्यांसह होणारे बिहू नृत्य. बिहू ज्यांनी पाहिले आहे त्यांना ढोल चढू लागल्यावर नर्तकीच्या मनगटांचा वेग ठाऊक आहे. अशा हालचाली गोठवावयास १/२५० ते १/५०० सेकंदांचे शटर लागते, यात सवलत नाही.

कार्यकारिणीपुढे दोन पर्याय आहेत. एक, ५५-२५० मिलिमीटरचे, स्थिरीकरण असलेले, अवघ्या ३७५ ग्रॅम वजनाचे नवे भिंग. त्याचे प्रकाशछिद्र लांब टोकाला एफ ५.६ एवढेच उघडते. दुसरे, ७०-२०० मिलिमीटरचे, एफ २.८ चे, स्थिरीकरण नसलेले, १९९५ सालापासून प्रचारात आलेले आणि आता वापरलेल्या स्थितीत मिळू शकणारे भिंग. वजन १३१० ग्रॅम. यातील आकड्यांचा अर्थ असा की, एफ २.८ वर एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. सभागृहातील दिव्यांत पहिले भिंग जर १/६० सेकंद देत असेल, तर दुसरे त्याच परिस्थितीत साधारण १/२५० देईल. पहिल्या भिंगाची यंत्रणा १/६० वरही आपला हात उत्तम सांभाळील, पडद्याच्या चुण्या मोजता येतील, आणि लेझीम खेळणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याच्या जागी पुन्हा धूरच उमटेल. आपल्या आल्बममधील ते पहिले छायाचित्र आपण नव्याने, अधिक खर्चिक कॅमेऱ्याने काढलेले असेल.

यावर कोणी म्हणेल, दुसऱ्या भिंगात हात हलण्याचे काय? तर उत्तर त्या आकड्यांतच आहे. नर्तकीसाठी १/३२० ठेवावेच लागते, आणि २०० मिलिमीटरला हातासाठीही १/३२० च लागते. पात्रासाठी शटर जेवढे वेगवान करावे लागते, तेवढ्यात हाताचा प्रश्न आपोआप मिटतो. शिल्लक राहते ते सव्वा किलोहून अधिक वजन, आणि तीन तासांच्या कार्यक्रमात ते हाताला जाणवतेच. त्यासाठी मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड घ्यावा. तो स्वस्त असतो, दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत मावतो आणि मागच्या रांगेतील आजींचा दृष्टिमार्ग अडवीत नाही. तीन पायांच्या स्टँडविषयी हे म्हणता येत नाही.

सत्कार, भाषणे, नाट्यसंगीताची बैठक, येथे मात्र माणसे बव्हंशी स्थिर असतात आणि पहिले भिंग चांगले चालेल, हे प्रांजळपणे सांगावयास हवे. एफ २.८ चे आणखी एक वैगुण्य आहे. आठ मीटर अंतरावर, २०० मिलिमीटरला, पूर्ण उघड्या छिद्रावर जेवढी खोली स्पष्ट येते ती वीतभरही नसते. शाल देणारा स्पष्ट आणि घेणारा पुसट, असा प्रकार होऊ शकतो आणि त्यावरून मंडळात रुसवेही होऊ शकतात. तेथे छिद्र एफ ४ किंवा ५.६ वर आणावे. सत्काराच्या वेळी कोणी नाचत नसल्याने शटर संथ चालते. आपला कॅमेरा ३२०० आयएसओ संवेदनशीलतेवर बरीच चांगली छायाचित्रे देतो. फिल्मच्या काळात ४०० ची रीळ म्हणजे चैन वाटे, ती अडचण आता राहिलेली नाही. ६४०० वर दाणेदारपणा दिसू लागतो, पण दाणेदार चेहरा ओळखता येतो.

दोन्ही गुण एकत्र असलेले, म्हणजे एफ २.८ आणि स्थिरीकरण असलेले भिंगही असते. कॅननने ते २००१ साली आणले व २०१० मध्ये सुधारले. ते उत्तम आहे यात वाद नाही; आपल्या वर्गणीत ते बसत नाही, यातही नाही. शासकीय टिप्पणीच्या भाषेत सांगावयाचे तर 'प्रस्ताव स्तुत्य, तथापि तरतूद उपलब्ध नाही.' पुढे कधी मंडळाने नवा मिररलेस कॅमेरा घेतला, तर आणखी एक सोय होईल. २०२० नंतर आलेल्या कॅननच्या काही कॅमेऱ्यांत संवेदक स्वतःच हलून हाताचा कंप भरून काढतो, आणि जोडणीचे कडे लावून जुने भिंग त्यावर बसविता येते. मिनोल्टाने २००३ सालीच आपल्या एका कॅमेऱ्यात हा मार्ग अवलंबिला होता. लांब भिंगाला ही रीत भिंगातील यंत्रणेइतकी परिणामकारक नसते, तरी स्थिरीकरणाविना घेतलेले भिंग कायमचे स्थिरीकरणाविनाच राहील असे नाही.

म्हणून मंडळासाठी माझी शिफारस दुसऱ्या भिंगाची आहे. घरगुती वापरासाठी मी नेमका उलट सल्ला देईन. मुलाबाळांना घेऊन काझीरंग्यास, शिलाँगला किंवा सुटीत गावी जाणाऱ्या गृहस्थाने ३७५ ग्रॅमचे स्थिरीकरण असलेले भिंगच घ्यावे. बाजारात त्याच्या शेजारी ७५-३०० चे, स्थिरीकरण नसलेले, आणखी स्वस्त भिंग ठेवलेले असते, आणि '३००' हा आकडा पाहून माणूस मोहात पडतो. त्यात ना प्रकाश अधिक, ना हाताला आधार. तो मोह टाळावा. स्थिरीकरण नको म्हणावयाचे तर त्याच्या बदल्यात प्रकाश पदरात पडला पाहिजे. नुसत्या किमतीतील बचतीसाठी ते सोडण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट, जी खरे म्हणजे आधीच सांगावयास हवी होती. आपल्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी हाताला कंप सुटल्यापासून कॅमेरा कपाटात ठेवून दिला आहे. त्यांचे नाव घेत नाही; त्यांनी टिपलेली पक्ष्यांची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. अण्णा, आपल्यासाठी हा प्रश्न चैनीचा नाही. हाताचा स्वाभाविक कंप सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होतो, वयाबरोबर तो वाढतो, आणि तशा कंपासाठीही ही यंत्रणा काम करते. कंप पुष्कळ अधिक असेल तर ती सर्व भरून काढणार नाही, परंतु शटर अर्धे दाबताच दर्शिकेतील चित्र स्थिर झालेले डोळ्यांना दिसते आणि नेम धरता येतो. येत्या रविवारी दीपोर बिलावर माझे भिंग आपण हातात धरून पाहावे, अशी विनंती आहे. हाडगिला हलणार नाही, याची जबाबदारी माझी.

स्थिरीकरण असलेले भिंग वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर घट्ट बसविला असेल तर यंत्रणा बंद करावी. विशेषतः जुन्या भिंगांत ती नसलेला कंप शोधीत बसते आणि प्रतिमा बिघडविते. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवीत छायाचित्र घ्यावयाचे असेल तर अनेक भिंगांवर त्यासाठी वेगळा दुसरा टप्पा असतो. त्यात आडवी हालचाल मोकळी ठेवून केवळ वरखालीचा कंप सावरला जातो.

शेवटी, वापरलेले भिंग घेताना काय पाहावे ते सांगतो, कारण खरेदी समितीत मी नाही. या आर्द्र हवेत भिंगाचा पहिला शत्रू बुरशी. भिंगाच्या एका टोकाकडून विजेरी धरावी आणि दुसऱ्या टोकाने आत पाहावे; कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही उतरविली तरी घेऊ नये. थोडी धूळ असली तर हरकत नाही. प्रकाशछिद्र पूर्ण उघडे ठेवून, लांब टोकाला, दुकानासमोरील एखाद्या पाटीचे छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून तपासावेत. झूमचे कडे फिरविताना करकर किंवा अडखळ जाणवता कामा नये. आणि भिंग मंडळात आले की ते लाकडी कपाटात आल्बमशेजारी न ठेवता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पावसाळ्यात त्या पुड्या दर पंधरवड्याला वाळवाव्या लागतात. ते काम कोणाकडे राहील, हे आजच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदविले जावे.