एका घराचा जीर्णोद्धार



चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरी मीस व्हान डेर रोए याने टुगेनढाट कुटुंबासाठी बांधलेले घर १९३० साली पुरे झाले. छताचा भार पोलादी खांबांनी घेतला, म्हणून भिंती मोकळ्या झाल्या. दिवाणखान्याची प्रचंड काच विजेने जमिनीत उतरे. १९३८ साली हे ज्यू कुटुंब परागंदा झाले. १९३९ साली गेस्टापोने घर बळकावले. १९४५ साली तेथे रशियन सैन्याचे घोडे बांधले गेले.

जेवणाच्या जागेची आबनुशी अर्धगोल भिंत नाहीशीच झाली होती. २०११ साली तिच्या फळ्या विद्यापीठाच्या खाणावळीत सापडल्या. ती इमारत पूर्वी गेस्टापोची कचेरी होती! २०१२ साली दुरुस्ती संपली. फळ्या स्वस्थानी परतल्या.

श्रोतेहो, भिंतीचा जीर्णोद्धार होतो. उठलेल्या संसाराचा होत नाही. म्हणूनच ते घर जपायचे.