सोयाबीनची काढणी हार्व्हेस्टरने करताना



दसरा जवळ आला की मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन पानं गाळून उभं राहतं. मजूर सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात. त्यामुळे आता गावोगावी हार्व्हेस्टर फिरू लागले आहेत. पुष्कळसे तर पंजाब-हरियाणाकडून येतात. एक एकर तासाच्या आत मोकळं होतं, ही सोय मोठीच. पण तेच यंत्र गहूही काढतं आणि भातही काढतं. गव्हाला लावलेला ड्रमचा वेग तसाच ठेवून ते सोयाबीनमध्ये घातलं, तर टाकीत दाणा कमी आणि डाळ जास्त पडते.

डाळ डोळ्यांना दिसते तरी. न दिसणारी इजा त्याहून वाईट. सोयाबीनची साल पातळ आणि अंकुर त्या सालीच्या लगेच खाली, दाण्याच्या कडेला असतो. ड्रमचा फटका बसला की दाणा वरून साबूत दिसतो, पण जूनमध्ये पेरला की उगवत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून आपल्याकडे किती तक्रारी झाल्या, ते तुम्हांला आठवत असेल. त्याआधीच्या हंगामात काढणीच्या वेळी झालेला पाऊस हे त्याचं मोठं कारण होतं. पावसावर आपला इलाज नाही, पण ड्रमवर आहे.

तेव्हा यंत्र बांधावर आलं की पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारा, "भाऊ, ड्रमचे फेरे किती ठेवलेत?" सोयाबीनला मिनिटाला ४०० ते ६०० फेरे पुरतात. बियाण्याचा प्लॉट असेल तर शेंग फुटते तेवढा कमीत कमी वेग ठेवायचा. ड्रम आणि त्याखालची जाळी यांत पुढच्या बाजूला साधारण आडवं बोट जाईल इतकं अंतर ठेवून सुरुवात करावी. हे अंतर बघायचं ते इंजिन बंद करूनच, चालू यंत्रात हात नको.

आता वीस-पंचवीस पावलं पीक काढून यंत्र थांबवा. टाकीतला मूठभर माल तळहातावर पसरा. दाणे फुटलेले दिसले तर ड्रमचा वेग उतरवा. मागच्या भुसकटात न फुटलेल्या शेंगा राहत असतील, तर लगेच वेग वाढवू नका. आधी जाळीचं अंतर थोडं कमी करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

माल साफ येत नसेल, काडीकचरा येत असेल, तर पंख्याचा वारा वाढवा. सोयाबीनचा दाणा जड, त्याला वारा सोसतो. मात्र मागे दाणे उडू लागले तर वारा जास्त झाला. आणि खालची चाळणी फार बारीक ठेवली, तर चांगले दाणे परतीच्या मालात जाऊन पुन्हा ड्रमखाली येतात. तिथं दुसरा फटका बसतो. पुष्कळ ठिकाणी डाळ होते ती इथं, आणि दोष मात्र ड्रमला दिला जातो.

सांडलेलं धान्यही मोजा. यंत्र गेल्यावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेतले दाणे मोजायचे. यंत्राच्या पट्ट्यात आडवं चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. १० दाणे म्हणजे एकरी सुमारे ५ किलो. ८० निघाले तर एकरी ४० किलोच्या आसपास माल जमिनीत गेला! उभ्या पिकाखाली आधीच गळलेले दाणे मात्र यातून वजा करायला विसरू नका. पुढेच जास्त सांडत असेल, तर यंत्र सावकाश चालवायला सांगा आणि पाती जमिनीलगत ठेवा, कारण खालच्या शेंगा बुंध्याजवळ असतात. एकरावर भाडं घेणारा माणूस घाईतच असतो. पण भीड कशाला? पीक तुमचं आहे.

वेळेचंही बघा. दाण्यात १३ ते १५ टक्के ओल असताना काढणी उत्तम. दाणा दातांखाली धरा. दबला तर ओला, कट्‌कन दोन तुकडे झाले तर फार वाळलेला. सकाळी दव सुकल्यावर लावलेला वेग दुपारच्या उन्हात चालत नाही, कारण दाणा वाळून ठिसूळ होतो. दुपारी वेग पुन्हा उतरवावा लागतो. बियाण्याचा तुकडा शक्यतो दुपारी काढूच नये.

बियाण्यासाठी आणखी एक. यंत्रात मागच्या शेतातला, दुसऱ्या वाणाचा माल अडकलेला असतो. टाकी झाडून घ्या आणि पहिली दोन-चार पोती बाजारासाठी वेगळी काढा. मग मधल्या मालातले १०० दाणे वाटीभर पाण्यात पाच मिनिटं ठेवा. जे लगेच फुगतील, सुरकुततील, त्यांची साल तडकलेली. असे दाणे बरेच निघाले, तर यंत्र शेतात आहे तोवरच वेग कमी करून घ्या. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर उगवण बघायचीच आहे. शंभरात ७० तरी उगवले पाहिजेत.

आणि पोती गाडीतून उतरवताना आपटू नका. ड्रममधून वाचलेला दाणा तिथंही तडकतो.