विहिरीवरचं क्लोरीन

अधातू म्हटले की शाळेत पाठ केलेलं आठवतं: चकाकत नाहीत, ठोकले तर फुटतात, वीज वाहून नेत नाहीत. पण आयोडीनचे स्फटिक चकाकतात आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. माझ्या मते खरा गुण एकच, अधातूंना इलेक्ट्रॉन हवा असतो. त्यात क्लोरीन भलतंच हावरट. बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आठव्यासाठी ते समोर येईल त्याच्यावर तुटून पडतं. जंतूही त्यातून सुटत नाहीत.

आमच्या कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागा आहेत, कारखाने आहेत; पण क्लोरीनचं काम बघायचं तर पावसाळ्यात खेड्यातल्या विहिरीवर चला. तिथे क्लोरीन पडतं ते ब्लीचिंग पावडरीतून; पण ब्लीचिंग पावडर कुणी म्हणत नाही, म्हणतात टीसीएल. ग्लासगोच्या टेनंटनं १७९९ साली ती काढली कापड पांढरं करायला. जर्सी सिटीत १९०८पासून ती पिण्याच्या पाण्यात पडू लागली.

हिशेब सोपा आहे. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी म्हणजे सुमारे ६३ हजार लिटर. त्याला दीडशे ग्रॅमवर थोडी. ती मुठीनं भुरभुरायची नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, ती दोरानं पाण्यात सोडून हिंदकळायची. तासभर कुणी पाणी भरायचं नाही. चुन्याचा गाळ विहिरीत गेला तर पाणी आणखी जड होतं.

मग ओटी टेस्ट. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब; पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरावं. रंगच आला नाही तर बहुधा पावडर मेलेली असते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण पोतं ओलीत उघडं राहिलं की ते उडून जातं आणि उरतो नुसता चुना. विहिरीत टाकल्याची नोंद मात्र रजिस्टरात होतेच.



गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत डोकावा. देणगी नंतर द्या. आधी ओटी टेस्टचं रजिस्टर मागा, आणि टीसीएलचं पोतं कुठे ठेवलंय ते स्वतः पाहा.